माझ्या मापाची क्रँक

आमच्या गावात पुरुष म्हातारा झाला की नाही, हे त्याच्या केसांवरून कुणी ठरवत नाही. मारिएटच्या कॅफेत त्याची टोपी कुठे टांगलीय, ते बघतात.

काउंटरच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग आहे. एकेका खिळ्यावर एकेकाची सायकलची टोपी, कापडी, पुढे बोटभर चोच असलेली. दरवर्षी जत्रेच्या रविवारी क्लबचे सगळे गडी टेकडीवरच्या चॅपेलपर्यंत सायकल चढवतात. आमच्या फ्लँडर्समधले दगडी रस्ते तुम्हाला काय सांगू, तोंड मिटून चढलं नाही तर स्वतःचीच जीभ चावली जाते. पाय न टेकता जो वर पोचला, त्याची टोपी काउंटरमागे राहते. ज्याचा पाय टेकला, त्यानं संध्याकाळी आपली टोपी आपल्या हातानं काढायची आणि आतल्या बोळात, संडासाकडे जाणाऱ्या भिंतीवर नेऊन लावायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. त्या बोळातून कुणाची टोपी परत बाहेर आलेली मी तरी पाहिली नाही.

बायकांच्या टोप्या? छे हो. बंदी कुणी घातलेली नाही, पण खिळाही कुणी मागितलेला नाही. जत्रेच्या रविवारी आम्ही पॅनकेक भाजत असतो.

माझ्या नवऱ्याची, ओडिलची टोपी आमच्या लग्नाच्याही आधीपासून पुढच्या भिंतीवर आहे. निळी होती. आता तिला रंग म्हणावा असं काही उरलेलं नाही, तरी धुवायला मागितली की हा माणूस अंगावर येतो.

गेल्या हिवाळ्यात त्याची नजर गेली. सगळी नाही. मधोमध धुरकट डाग बसला आणि कडेकडेचं तेवढं उरलं. माझं तोंड बघायचं तर त्याला माझ्या कानाकडे बघावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलं, सायकल बंद. यानं शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी सायकलसकट पावाच्या उभ्या गाडीवर जाऊन आदळला. गाडी पांढरीफटक, दारावर हातभर अक्षरं. आणि हा कपाळावर टेंगूळ घेऊन मला म्हणतो, "मध्येच कुठून आली ती?"

त्यानंतर तो शेडमध्ये बसायला लागला. सायकल उलटी करून ठेवायची, हातानं चाक फिरवायचं आणि त्याची टिकटिक ऐकत राहायची. जेवायला हाक मारली तर ओ नाही. मी एवढी तोंडाळ बाई, समोरून कुणी भांडेना म्हटल्यावर माझा जीव कासावीस झाला. एकदा त्याच्या आवडीचं बिअरमधलं मटण केलं, ताट शेडमध्ये नेऊन दिलं. तो ताटाकडे न बघताच म्हणाला, "अलिडा, टोपी जत्रेच्या आधीच आत नेऊन लावतो. लोकांसमोर नको."

टोपीचं मला काय मेलं? पण ती बोळात गेली की हा माणूसही तिच्यामागे बोळात जाणार आणि मला घरात त्याचा नुसता कोट मिळणार, हे मला स्पष्ट दिसलं.

त्याच आठवड्यात मी पलीकडच्या गावातल्या एका रिटायर्ड मास्तरांच्या गॅरेजमधून जोडसायकल आणली. दोन सीटा, दोन हँडलं, पेडलांच्या दोन जोड्या, आणि दोन्ही जोड्या एका साखळीनं एकमेकींना बांधलेल्या. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचा फिरलाच पाहिजे. लग्नासारखंच, फक्त हिला घंटी आहे.

ओडिलनं ती पुढून मागून चाचपली. मग म्हणाला, "पुढे कोण बसणार?"

"ज्याला पावाची गाडी दिसते तो."

"तू? तुला बाजारात पिशवी घेऊन सरळ चालता येत नाही!"

"मग बस शेडमध्ये चाक फिरवत."

भांडला! इतक्या दिवसांनी भांडला माझ्याशी. मला इतकं बरं वाटलं की दोन जास्तीचे टोमणे मारून घेतले.

आजवर पुढे तोच असायचा. दर रविवारी आम्ही आपापल्या सायकलवर फिरायला जायचो, वारा अंगावर घ्यायला तो पुढे आणि मी त्याच्या चाकाला चिकटून मागे. त्याची पाठ मला तोंडपाठ आहे. आता मी पुढे बसले, तर समोर नुसतं आभाळ, आणि पाठीमागून याचा श्वास मानेवर. सुरुवातीला मला फार गोंधळल्यासारखं झालं.

गोंधळ बाजूला ठेवा, त्या सायकलनं माझे हाल केले. दर फेरीला माझा गुडघा पोटात ढोसायचा. मी इकडून तिकडे झुलायचे आणि माझ्याबरोबर हँडल झुलायचं. पहिल्यांदा टेकडीवर गेलो तर तिसरा हिस्साही चढलो नाही, पाय टेकला. दुसऱ्यांदा गेलो, पुन्हा तिथेच. तिथे रस्त्याकडेला नेमका रेमी उभा. हा ओडिलचा जुना दोस्त. याची टोपी केव्हाच बोळात गेली, आणि तेव्हापासून जत्रेच्या दिवशी वरच्या वळणावर स्टूल टाकून दुसऱ्यांचे पाय बघत बसणं हे याचं काम.

"काय अलिडा," तो म्हणाला, "मागे बटाट्याचं पोतं नेतेस की नवरा?"

"पोतं असतं तर बरं, ते तुझ्यासारखं बोलत तरी नाही," मी म्हटलं. पण मागून ओडिल एका शब्दानं बोलला नाही. घरी येईपर्यंत नाही. मला वाटलं, संपलं. आता हा टोपी घ्यायला जाणार.

दुपारी त्यानं शेडमधून हाक मारली. जोडसायकलचं मागचं चाक त्यानं स्टँडवर उचलून ठेवलं होतं.

"बस पुढे. पाय फिरव."

मी बसले, फिरवायला लागले. तो मागे उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात माझ्या कमरेवर ठेवले.

"अगं बाई! भरदुपारी?"

"गप्प बस. फिरव तू."

मी फिरवत राहिले. त्याच्या बोटांवर गालिच्यांच्या गिरणीतली जन्माची सवय आहे, धागा कुठे ओढला जातोय ते त्यांना न बघता कळतं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मागचं हँडल तुझ्या सीटच्या दांड्याला जोडलेलं आहे. तू हललीस की ते माझ्या हातात हलतं. टेकडीवर मला कळलं. गुडघा वर आला की दर फेरीला तुझी उजवी बाजू उचलली जाते. तू सायकल चालवत नाहीस, जिना चढतेस."

"असेल."

"दुखतं?"

"कुठे काय?"

"अलिडा."

"हो. दुखतं."

"कधीपासून?"

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीला माझी स्वतःची जुनी सायकल टेकवून ठेवलेली होती.

आता इथे क्रँकची गोष्ट सांगायला हवी. पेडल ज्या लोखंडी हाताच्या टोकाला असतं, ती क्रँक. आमच्या गावात सगळ्यांचं ठाम मत की क्रँक जितकी लांब तितका जोर जास्त, आणि आखूड क्रँक पोरांसाठी नाहीतर पाद्र्यांसाठी. ओडिलनं तरुणपणी एकदा जत्रेची शर्यत जिंकली होती, लांबच लांब क्रँक लावून. आमचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं त्याच क्रँक आपल्या शर्यतीच्या सायकलवरून काढल्या, घासूनपुसून चकाचक केल्या आणि माझ्या सायकलला लावल्या. गावात अजून सांगतात, इतरांनी बायकोला अंगठी दिली, ओडिलनं आपला विजय दिला. मी तेव्हा आनंदानं रडले होते. माझं डोकं जेमतेम त्याच्या छातीला लागतं, हे तेव्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

"कधीपासून दुखतं?" त्यानं पुन्हा विचारलं.

"पहिल्यापासून थोडं. मग मुलं झाली, वाटलं बाळंतपणाचं असेल. मग वाटलं वयाचं."

"आणि तू बोलली नाहीस? तू? सूपात मीठ कमी पडलं तर तू गावभर बोलतेस!"

"काय बोलू?" माझा आवाज चढला. "तू मला जिंकलेल्या क्रँक दिल्यास. त्यांच्यामुळे माझं दुखतं, असं तोंडानं म्हणू?"

त्याचे हात माझ्या कमरेवर तसेच होते. चाक हळूहळू थांबलं.

"मी पुढे असायचो," तो म्हणाला. "मधूनमधून वळून बघायचो. पोचतेयस ना, एवढंच बघायचो. कशी पोचतेयस ते कधी बघितलंच नाही."

मग त्यानं कपाळ माझ्या पाठीला टेकवलं. मी वळले नाही. वळले असते तर त्याला आवडलं नसतं. माझी पाठ ओली झाली आणि मी नुसती पेडलांवर पाय ठेवून बसून राहिले. मला त्या माणसाची इतकी माया आली की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी आम्ही कात्रेनकडे गेलो. सायकलचं दुकान तिच्या वडिलांचं, आता ती चालवते. लहानपणी माझ्या परसातल्या चेऱ्या चोरायची.

"अलिडा मावशी, बूट काढा," ती म्हणाली. "पाठ भिंतीला. हे जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये धरा आणि वर दाबा. सीटवर बसल्यासारखं घट्ट."

"या वयात ही कुठली सर्कस?"

"वर दाबा हो. अजून. हां."

तिनं जमिनीपासून पुस्तकाच्या कडेपर्यंत टेप लावली, आकडा बघितला, ओठ चावले. मग म्हणाली, "तुमच्या पायाला एकशे पंचावन्न मिलिमीटरची क्रँक हवी. या सायकलला आहे एकशे पंचाहत्तर. तुमच्या जुन्या सायकललाही तीच असणार. बोटभर जास्त लांब."

"बोटभरच ना?" ओडिल म्हणाला. त्याला अजून आशा होती बिचाऱ्याला.

"बोटभर लांब म्हणजे पेडल वर जाताना बोटभर जास्त वर, आणि खाली जाताना बोटभर जास्त खाली. खाली पाय पुरावा म्हणून सीट उतरवायची, की वर गुडघा छातीशी. दोन्हीकडून सापडतात त्या. दर फेरीला."

ओडिल पुटपुटला, दर फेरीला. तो मनातल्या मनात फेऱ्या मोजत असणार, मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"पण आखूड क्रँकनं जोर कमी पडेल ना चढावर?" त्यानं विचारलं.

"मागे मोठं दातचाक लावून देते. पाय हलका फिरेल, जरा भरभर फिरवायचा, बस." मग तिनं त्यालाही भिंतीला उभं केलं, त्याचंही माप घेतलं. "ओडिल काका, तुमच्या टांगांना आहे तीच बरोबर आहे. एकशे पंचाहत्तर."

"नको," ओडिल म्हणाला. "मलाही तिच्याएवढीच लाव."

"अहो, पण तशी गरज नाही. पुढे वेगळी, मागे वेगळी चालते. फेऱ्या बरोबरच होतात."

"असू दे. तिनं माझ्या मापाची इतकी वर्षं चालवली. आता मी तिच्या मापाची चालवीन."

झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे बघ ओडिल," मी म्हटलं, "एकदा मूर्खपणा केलास तो प्रेमानं केलास, मी गिळला. आता तोच उलटा करून मला देऊ नकोस! माझी कंबर दुखली म्हणून तुझे गुडघे दुखले पाहिजेत, हे कुठलं गणित? मला माझ्या मापाची, तुला तुझ्या मापाची. आणि फेऱ्या बरोबर. एवढंच मागतेय मी. लग्नापासून एवढंच."

कात्रेन घाईघाईनं खाली वाकून कसलंतरी खोकं शोधायला लागली. ओडिल माझ्या कानाकडे बघत उभा होता. मग त्याच्या मिशा हलल्या. पावाच्या गाडीनंतर पहिल्यांदा हसला तो.

"बरं बाई," तो म्हणाला. "ओरडू नकोस. मला दिसत नाही, ऐकू येतं."

नवी क्रँक लावून आम्ही कालव्याच्या कडेनं निघालो. पेडल वर आलं आणि मी पोटात ढोसा खायला तयार होऊन बसले, सवयीनं. काहीच झालं नाही. गुडघा आला आणि निमूट खाली गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मला आधी हसू आलं, मग भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना, आणि मग मी चक्क रडायला लागले.

"काय झालं?" मागून विचारलं त्यानं.

"काही नाही. किती सोपं आहे रे हे!"

माझ्या सीटखालचं हँडल त्याच्या हातात होतं, आणि ते आता हलत नव्हतं.

जत्रेच्या रविवारी मी पॅनकेकची कढई शेजारणीच्या हवाली केली. तिनं डोळे मोठे केले, पण घेतली. चढणीच्या तोंडाशी क्लबचे गडी थांबले होते. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्ट्या. रेमी वर वळणावर आपल्या स्टुलावर. "चार पाय आणि माझे डोळे दोन," तो ओरडला, "जरा सावकाश या रे!"

मी आमच्या दोघांचे डोळे होते, म्हणून तोंड चालूच ठेवलं. "आता डावीकडे. खड्डा आहे, धर घट्ट. जोर. अजून जोर. मोठे दगड आले." तो मागून हूं हूं करत होता. पहिला टप्पा गेला. जिथे दोनदा पाय टेकला होता ती जागा गेली. मी मनात देवाचे आभार मानले, आणि तिथेच घात झाला.

वळणावर दगड ओले होते. पुढचं चाक सरकलं. सायकल जवळजवळ थांबली आणि माझा डावा पाय पेडलवरून सुटला. खाली दगड, माझा पाय हवेत, समोर रेमी स्टुलावरून अर्धा उठलेला. टेकणार होते मी. शरीर स्वतःहून टेकायला निघालं होतं.

"आहे मी," मागून ओडिल म्हणाला. एवढंच.

त्यानं त्याच्या लांब टांगांनी सगळा जोर घातला. त्याचं पेडल फिरलं, म्हणजे माझंही फिरणारच. ते फिरून वर आलं आणि माझ्या तळव्याखाली येऊन लागलं. मी पाय रोवला. मग आम्ही दोघं मिळून काय कण्हलो ते विचारू नका, पण वळण गेलं, चॅपेलची पांढरी भिंत दिसली, आणि मी ओरडले, "ओडिल, पोचलो! पोचलो रे!"

"माहीत आहे," तो धापा टाकत म्हणाला. "दगड संपले."

संध्याकाळी मारिएटच्या कॅफेत पाऊल ठेवायला जागा नव्हती. ग्लास भरले, आणि रेमी उठला. तो वाईट नाही हो, पण ज्याची टोपी बोळात असते त्याला नियम फार सुचतात.

"पाय टेकला नाही, मी शपथेवर सांगतो," तो म्हणाला. "पण मला एक सांगा. सायकल चढवली कुणी? हँडल तिच्या हातात, रस्ता तिनं बघितला. ओडिल मागे बसून आला. मग ओडिलची टोपी पुढच्या भिंतीवर कशी राहते?"

गलका झाला. कुणी म्हणे राहते, कुणी म्हणे नाही. माझं तोंड मी उघडणार, एवढ्यात ओडिल उठला. काउंटरला वळसा घालून गेला. हातानं चाचपत एकेका खिळ्यावरून पुढे सरकला, आपल्या टोपीपाशी थांबला आणि ती काढली.

आमच्याकडे टोपी खिळ्यावरून काढतात ती एकाच कामासाठी. मारिएटनं ग्लास पुसायचा थांबवला. रेमीचा चेहरा पडला. त्याला हे नको होतं, त्याला नुसता वाद हवा होता. मी म्हणणार होते, ओडिल, नको ना रे.

तो बोळाकडे गेला नाही. माझ्याकडे आला, माझ्या कानाकडे बघत. हातानं माझं डोकं शोधलं आणि ती टोपी माझ्या डोक्यावर ठेवली.

ती सरळ घसरून माझ्या नाकावर आली. अंधार.

"अरे मेल्या," मी आतून ओरडले, "पुन्हा तुझ्याच मापाचं दिलंस मला!"

अख्खं कॅफे खदखदून हसलं. तोही हसला, पोट धरून. मग त्यानं टोपी माझ्या डोक्यावरून काढून घेतली आणि कोटाच्या खिशातून दुसरी काढली. पिवळी, कोरी करकरीत, लहानशी.

"कात्रेनकडून मागवली," तो म्हणाला. "बघ, बसते का."

बसली. कानांच्या वर, कपाळावर, जिथे बसायला हवी तिथे.

"माप कुणी दिलं?"

"मी घेतलं. एका दुपारी तू खुर्चीत घोरत होतीस तेव्हा, दोऱ्यानं."

"मी घोरत नाही." माझा आवाज फुटला होता, पण हे सांगणं भाग होतं.

मारिएट भिंतीकडे बघून म्हणाली, "अरे पण खिळा कुठेय शिल्लक? एकही रिकामा नाही."

"आहे की," ओडिल म्हणाला. "एक सायकल, एक खिळा." त्यानं आपली जुनी टोपी पुन्हा आपल्या खिळ्यावर लावली. मग ओडिलनं माझ्यापुढे हात धरला. मी पिवळी टोपी काढून त्याच्या हातात दिली.

"अलिडा, पुढे कोण बसतं?"

"मी."

"मग," तो म्हणाला, आणि त्यानं माझी टोपी त्याच्या टोपीच्या पुढे टांगली.